अंधाऱ्या खोलीतले दादासाहेब

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात आईबापूंच्या लग्नाचा एकही फोटो नाही. लग्न २००४ सालचे, म्हणजे फार जुने नव्हे. मांडवात फोटोग्राफर आला होता, फ्लॅश उडत होता, नातेवाईक बायका पदर सारखे करून ओळीने उभ्या राहिल्या होत्या. दोन रोल संपले. आठ दिवसांनी आजोबा फोटो आणावयास गेले, तेव्हा त्यांच्या हातात निगेटिव्हच्या काही काळपट पट्ट्या तेवढ्या पडल्या. एकाही चित्रात माणूस ओळखू येत नव्हता. फोटोग्राफरचे म्हणणे पडले की फिल्मचा लॉटच वरून खराब आला होता. आजोबांचे म्हणणे, त्याने मुदत संपलेली फिल्म स्वस्तात आणून वापरली. थोरल्या मामांचे म्हणणे, रोल संपण्याआधीच त्याने कॅमेऱ्याचे झाकण उघडले असणार. ही तीन मते मी लहानपणापासून प्रत्येक लग्नसराईत याच क्रमाने ऐकत आले आहे. दोष कोणाचा ते ठरले नाही. आगाऊ दिलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

यंदा ग्रंथालयातून दादासाहेब फाळक्यांची माहिती वाचावयास घेतली, तेव्हा हा घरचा जुना वाद पुन्हा आठवला. दादासाहेब भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक, एवढे शाळेत पाठ केले होते. परंतु त्यांची सारी धडपड ज्या वस्तूवर उभी होती ती कोरी फिल्म, तिच्याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. कोऱ्या फिल्मची गंमत अशी की ती चांगली आहे की वाईट हे पाहावे, तर तिला उजेड दाखवावा लागतो, आणि उजेड दाखवला की ती संपली. कापड घेताना आपण ताणून बघतो, ज्वारी घेताना दाताखाली दाणा फोडून बघतो. फिल्मचे तसे नाही. आधी खर्च करावयाचा, नट उभे करावयाचे, सूर्य डोक्यावर असेतो काम उरकावयाचे, आणि मग रात्री अंधारात कळावयाचे की पदरात काय पडले. असा व्यवहार एका कर्जबाजारी माणसाने, चाळिशी उलटल्यावर, ज्या देशात ते शिकविणारा कोणी नव्हता तेथे कसा निभावला, हे मला सांगावयाचे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईस आले. मुलाचा ओढा चित्रकलेकडे. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे बडोद्यास कलाभवनात गेला. तेथे प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे मोठे जाणकार होते. त्यांनी या तरुणाची हौस ओळखून फोटोग्राफीची खोली आणि प्रयोगशाळा त्याच्या हाती दिली. रतलामला पाठवून तीन रंगांचे ठसे करण्याची विद्याही शिकविली. एक शिक्षक एका विद्यार्थ्याच्या हाती किल्ली देतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढच्या साऱ्या चित्रपटांचे मूळ त्या किल्लीत आहे.

तीन रंगांच्या ठशांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. एकाच चित्राचे पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ठसे करून ते एकावर एक छापावयाचे. यातला एक ठसा केसभर जरी सरकला तरी देवाच्या ओठांचा रंग गालावर येतो. आमच्या सोलापुरात ज्यांनी चादर विणताना पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल. चादरीवरचे फूल जेकार्डच्या पुठ्ठ्यांवर पाडलेल्या भोकांवरून उठते. एका पुठ्ठ्यावर एक भोक चुकले की तो पुठ्ठा जितक्यांदा फिरतो तितक्यांदा पाकळी मोडते, चादरीमागून चादर तशीच उतरते. बापू यंत्रमागावर आहेत, त्यामुळे हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. नेमकेपणाची जी सवय दादासाहेबांच्या हाताला रतलामला लागली, तीच पुढे फिल्मच्या भोकांपाशी उपयोगी पडली.

१८९५ साली त्यांनी गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा मांडला. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो, असा त्या काळी लोकांचा समज होता.  तेथेच १९०० च्या प्लेगात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. एवढ्या आघाताने माणूस एका जागी बसला असता. दादासाहेबांनी नाटकांचे पडदे रंगविले आणि एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून स्वतःचे नाव उलटे फिरवून प्रोफेसर केळफा या नावाने खेळही केले. १९०२ साली गिरिजा करंदीकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढच्या सरस्वतीबाई. मग पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी झाली. स्वदेशीच्या चळवळीत ती सोडली. लोणावळ्यास छापखाना निघाला, नंतर तो दादरला आला. १९०९ साली यंत्रसामग्रीसाठी जर्मनीची वारी झाली, आणि शेवटी भागीदारांशी न पटून तोही उद्योग सुटला. त्यांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते. काम शिकावयाचे, त्यात पारंगत व्हावयाचे, आणि पैसा घालणाऱ्याशी बिनसले की हात झटकून बाहेर पडावयाचे. हा त्यांचा गुण की दोष, हे मला सांगता येत नाही.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास मुंबईत एका तंबूतल्या सिनेमात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत या विचाराने त्यांना पछाडले, ही हकीगत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यानंतरचे महिने तितके ठाऊक नसतात. मिळेल तो चित्रपट ते पाहू लागले, रात्र रात्र जागून प्रयोग करू लागले. झोप जेमतेम तीन तास. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली, आणि ती येताच हा गृहस्थ पुन्हा त्याच कामाला लागला. बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून दहा हजारांचे कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला जाण्यासाठी बोट धरली.

लंडनमध्ये ओळखीचे कोणी नव्हते. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाचे ते येथून वर्गणीदार होते. पिकॅडिलीजवळ त्याची पाटी दिसताच सरळ आत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी त्यांना या फंदात न पडण्याचा सल्ला दिला. खुद्द इंग्लंडात चित्रपट काढणारे बुडाले होते, आणि हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाही असे त्यांचे मत होते. हे मत वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते. फिल्मच्या पट्टीवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीचे क्षार पसरलेले असतात. उन्हाळ्यात हे जिलेटिन मऊ पडते. कोमट पाण्यात ते फुगते, सुरकुतते, प्रसंगी पट्टीवरून सुटते. दमट हवेत त्यावर बुरशी धरते. फार दिवस उष्णतेत राहिलेल्या फिल्मवर उजेड न पडताही करडी झाक चढते, तिला फोटोग्राफर फॉग म्हणतात. विलायतेतून निघालेला डबा बोटीच्या पोटातून आठवडेच्या आठवडे प्रवास करून मुंबईच्या घामट बंदरात उतरावयाचा. तेव्हा कारखान्यातून निर्दोष निघालेली फिल्मही दादरला निर्दोष पोहोचेलच, याची खात्री कोण देणार?

कॅबोर्ननी नको म्हटले, तरी या माणसाची जिद्द पाहून त्यांची गाठ सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली. हेपवर्थचा वॉल्टन येथे स्टुडिओ होता. त्यांनी दादासाहेबांना सारे विभाग हिंडून दाखविले. दोघांच्या सल्ल्याने दादासाहेबांनी पन्नास पौंडांना विल्यमसनचा कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म मागविली आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मागविले. १ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले.

त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकांचीही येत असे. कॅमेऱ्याचे दात त्या भोकांत अडकून पट्टी पुढे सरकते, म्हणून दोन्ही कडांना भोके हवीतच. ती आपण घरी पाडावयाची, आणि तीही अंधारात, फार तर तांबड्या दिव्याच्या उजेडात. त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, म्हणून तेवढा दिवा चाले. (याचाच दुसरा परिणाम असा की तांबडी वस्तू पडद्यावर काळी दिसे. आईच्या लग्नातला लाल शालू त्या फिल्मवर काळाकुट्ट उतरला असता.) मी एक हिशेब करून पाहिला. एका फुटात सोळा चित्रे, प्रत्येक चित्राला प्रत्येक कडेस चार भोके, म्हणजे फुटाला दोन्ही कडा मिळून १२८ भोके. राजा हरिश्चंद्र हा चित्रपट ३,७०० फुटांचा होता. म्हणजे ४,७३,६०० भोके. पडद्यावर दाखवावयाची प्रत वेगळ्या फिल्मवर काढावी लागते. तीही कोरीच असेल तर हा आकडा दुप्पट. वाया गेलेली फिल्म यात धरलेली नाही. एवढ्यांतली थोडी जरी वाकडी पडली तरी पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरू लागणार, आणि प्रेक्षकांना वाटणार की कॅमेराच हलला.

ही भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि धुणीभांडी. उन्हात चित्रण चालू असताना पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे. रात्री औषधांची मिश्रणे करणे आणि अंधारात फिल्म यंत्रातून ओढणे. पैसे उभे करताना त्यांचे दागिनेही गेले. जन्मलेल्या मुलांना सांभाळून हे सारे चालले होते. माझी आई विड्या वळते. अंधारात हात आपोआप कसा चालतो हे मी वीज गेलेल्या संध्याकाळी पाहिलेले आहे, म्हणून सरस्वतीबाईंचा तो हात मला दिसू शकतो. भारतीय चित्रपटाची जननी कोण, असा प्रश्न कोणी परीक्षेत घातला तर मी काय लिहीन ते सांगावयास नको.

यंत्रसामग्री मे १९१२ मध्ये आली. सोबतच्या आराखड्यावरून दादासाहेबांनी ती चार दिवसांत जोडली आणि घरच्यांना भोके पाडणे व फिल्म धुणे शिकविले. पहिले काम काय केले, तर शेजारपाजारच्या मुलांचे खेळतानाचे थोडेसे चित्रण. वरवर पाहता ती गंमत वाटते. पण विचार केला तर त्या एका तुकड्याने सर्वांचीच परीक्षा घेतली. बोटीतून आलेली फिल्म शाबूत आहे का, भोके सरळ पडली आहेत का, कॅमेऱ्यात कोठून उजेड शिरतो का, औषधे बरोबर मिसळली आहेत का आणि प्रक्षेपकावर चित्र स्थिर राहते का, हे सारे एका तुकड्यावर कळते. जुन्या फोटोग्राफरांचीही हीच रीत होती. नव्या डब्यातला एक लहान तुकडा कापून, उजेड न दाखविता तसाच धुऊन पाहावयाचा. तो नितळ निघाला तर फिल्म चांगली. करडा निघाला तर फिल्म तरी शिळी किंवा आपल्या अंधाऱ्या खोलीत कोठे तरी फट आहे. मग दुसरा तुकडा थोडा उजेड दाखवून धुवावयाचा. दोन-चार फूट फिल्म जाते, पण शेकडो फूट वाचतात. लॉट बदलला की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. आमच्याकडे रंगविलेल्या सुताचा लॉट बदलला की जाणता विणकर थोडे विणून उजेडात धरतो, कारण रंगात किंचित फरक असला तरी चादरीवर पट्टा उठतो आणि मग ती चादर कोणी घेत नाही.

पुढे त्यांनी एक विलक्षण धाडस केले. सावकारांना विश्वास बसावा म्हणून कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण केले. कोंब फुटतो, पाने येतात, वेल वर चढते, हे सारे पडद्यावर मिनिटभरात घडले. अंकुराची वाढ हे त्याचे नाव. या गोष्टीचे कौतुक सारेच करतात. मला मात्र त्या महिनाभराची धास्ती वाटते. वेल काही फिल्म धुण्यासाठी थांबत नाही. पट्टी खराब असती, एक दिवस फट राहून उजेड शिरला असता, तर महिन्याच्या शेवटी हाती काळी पट्टी आली असती आणि वेल तर वाढून गेलेली. आधीच्या लहानशा परीक्षेवर विश्वास ठेवूनच हे करता येते. तो मिनिटभराचा खेळ पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले.

राजा हरिश्चंद्राचे काम दादरच्या मथुराभवनात सुरू झाले. स्त्रीपात्र मिळेना म्हणून एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि दादासाहेबांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग. त्यांनाही दादासाहेबांनीच शिकविले होते. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा ढाल-तलवारी पाहून गावकऱ्यांना हे दरोडेखोर वाटले आणि फौजदारापर्यंत प्रकरण गेले, अशी हकीगत सांगतात. दादासाहेबांनी फौजदाराची समजूत पटावी म्हणून एक प्रसंग करून दाखविला, पण कॅमेऱ्यात फिल्म न घालता. ही हकीगत वाचून सगळे हसतात. मला तो रिकामा कॅमेरा महत्त्वाचा वाटतो. अटक होण्याची वेळ आली तरी या माणसाने एक फूट फिल्म उगाच जाऊ दिली नाही.

दिवसा उन्हात चित्रण आणि रात्री घरातच फिल्म धुणे, असा क्रम होता. यातले मर्म लक्षात घेतले पाहिजे. दादासाहेबांच्या आदल्या वर्षी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक मुंबईत दाखविला गेला होता. त्यावर परदेशी माणसाने कॅमेरा चालविला आणि फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठविली, असे सांगितले जाते. फिल्म लंडनला धाडली की दोष कळावयास महिने लागणार. तोवर मांडव मोडलेला, नट आपापल्या गावी गेलेले. फाळक्यांच्या घरी रात्रीचा दोष सकाळी कळे. मांडव उभाच असे, तारामती दाढी करून पुन्हा तयार होई. फिल्म खराब असो, भोक वाकडे असो की औषध बिघडलेले असो, शोधावयास घराबाहेर जावे लागत नव्हते. त्यांनी सारे काम एका छपराखाली आणले ते केवळ पैसा नव्हता म्हणून, असे काही जण म्हणतात. पैसा नव्हता हे खरेच. पण चूक कोठे झाली हे सापडावे, ही गरजही त्यात होती असे मला वाटते.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखविला गेला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. हिंदुस्थानच्या हवेत फिल्म टिकणार नाही हे मत त्या दिवशी मागे पडले. पुढचे यश सर्वज्ञात आहे. त्यांनी कारखाना नाशिकला हलविला. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले, आणि पडद्यावर प्रथमच स्त्रिया दिसल्या. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांना काम देऊ केले होते, ते न स्वीकारता परतले. आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

येथे त्यांच्या उद्योगाची दुसरी बाजू उघडी पडली. कॅमेरा आपला, माणसे आपली, गोष्ट आपली, पण फिल्म परक्याची. युद्धाने समुद्रमार्ग बेभरवशाचे झाले, भाव चढले, सावकारांनी हात आखडता घेतला. घरात बसून तुकडा तपासण्याची विद्या असली तरी तपासावयास फिल्म तर हवी. या देशात फिल्म बनविणारा सरकारी कारखाना, उटीचा हिंदुस्तान फोटो फिल्म्स, स्थापन झाला तो १९६० साली. त्याचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले, आणि इंदू या नावाने विकली जाणारी त्याची फिल्मही आता निघत नाही. म्हणजे दादासाहेबांचे सारे आयुष्य बोटीची वाट पाहण्यात गेले. तरीही १९१७ मध्ये लंकादहन आला. त्यात साळुंके एकटेच राम आणि सीता दोन्ही झाले होते.

१९१८ साली भागीदारांच्या भांडवलावर नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. श्रीकृष्णजन्म, मग कालियामर्दन. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. पण लवकरच खर्चावरून भागीदारांशी खटके उडू लागले. भागीदार हिशेब पाहणारे, दादासाहेब मनासारखे होईपर्यंत न थांबणारे. येथे मला दोन्ही बाजू दिसतात. आईच्या हातात कारखान्यातून जो पानांचा पुडा येतो त्यातली कितीतरी पाने कधी कधी किडकी, फाटकी निघतात. विड्या मोजून देताना छाट मात्र तिच्या नावावर पडते. माल खराब, नुकसान काम करणाऱ्याचे. दादासाहेब जेव्हा स्वतःचा माल, स्वतःचे कर्ज आणि स्वतःचा हात असे काम करीत होते तेव्हा वाया गेलेल्या फुटाचा जाब त्यांना कोणी विचारत नव्हते. आता ताळेबंद दुसऱ्याच्या हाती गेला होता. पैसा घालणाऱ्यानेही डोळे मिटून बसावे असे नाही. पण अंधाऱ्या खोलीत कधी न गेलेल्या माणसाला वाया गेलेली फिल्म आणि परीक्षेसाठी घातलेली फिल्म यांतला फरक कागदावर दिसत नाही, हेही खरे.

ते कंपनी सोडून काशीस निघून गेले, तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, आणि १९२२ मध्ये परत कंपनीत आले. पण पहिला जोम राहिला नव्हता. बोलपट आला. सेतुबंधन मूक म्हणून केला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा गंगावतरण हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला त्यांचा शेवटचा चित्रपट आणि एकमेव बोलपट. त्यानंतर काम मिळाले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

त्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट सांगतात. हाती उरले फार थोडे. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. पेटली नाही तरी डब्यात पडल्या पडल्या ती चिकट होते, फुगते आणि अखेर तांबूस भुकटी होऊन जाते. राजा हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढी दोनच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. तीही मूळ १९१३ ची, की दादासाहेबांनी १९१७ च्या सुमारास पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर जाणकारांत वाद आहे. आमच्या घरच्या वादाहून हा वाद मोठा, पण जात तीच.

हे सारे वाचून झाल्यावर मी आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी फोटो स्टुडिओ चालविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेले. लग्नाचे फोटो काढणारे ते नव्हेत. त्यांनी मला निगेटिव्ह वाचावयास शिकविले. रिळाच्या कडेला कंपनीचे नाव आणि आकडे कारखान्यातच उमटविलेले असतात, फिल्म धुतली की ते दिसू लागतात. आकडे स्वच्छ आणि चित्रे मात्र कोरी, तर कॅमेऱ्याचा दोष. आकडेही नाहीत, तर धुण्याचा. सगळीकडे सारखी झाक, तर फिल्म शिळी किंवा तापलेली. आणि झाकण उघडले गेले असेल तर वरच्या पदराच्या भोकांतून उजेड खालच्या पदरावर पडतो आणि तेथे भोकांच्या आकाराचे ठसे उमटतात.

दिवाळीत आजोबांची ट्रंक उघडून लग्नपत्रिकेत गुंडाळलेल्या त्या पट्ट्या मी काढल्या आणि खिडकीपाशी धरल्या. एकाच रोलच्या निघाल्या, दुसऱ्याच्या फोटोग्राफरने दिल्याच नव्हत्या. काळपट पट्टीवर चित्रांच्या आत एका रांगेत बारीक चौकोनी ठसे होते. मी मामांना बोलावून दाखविले. आजोबांनीही चष्मा लावून पट्टी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली, आणि दुसऱ्या रोलचे काय, असे विचारून ती पुन्हा पत्रिकेत गुंडाळून ठेवली.